संगणकावरचे ग्रह वाट का चुकतात? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात गुरुत्वाकर्षणाचा नियम वापरून ग्रहांच्या कक्षा काढणारा छोटा प्रोग्रॅम कसा लिहायचा, हे दिलं होतं. त्यावर पुणे आणि आसपासहून भरपूर पत्रं आणि ई-मेल आले. पावसाळ्यात दुर्बिणी कपाटात असतात, म्हणूनही असेल. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : पायथॉनमध्ये फक्त सूर्य आणि पृथ्वी घेतली, पायरी (प्रत्येक वेळी ग्रह जितका काळ पुढे न्यायचा तो) एक दिवसाची. कक्षा गोल न येता जिलबीसारखी बाहेर उलगडत जाते. सूत्र पुन्हा पुन्हा तपासलं, बरोबर आहे. मग चुकतंय कुठे? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कोथरूड)

उत्तर : सूत्र बरोबरच आहे. घोळ ओळींच्या क्रमात आहे. तुम्ही पाठवलेल्या लूपमध्ये आधी त्वरण काढलंय, मग जुन्या वेगाने स्थान पुढे नेलंय आणि शेवटी वेग बदललाय. ही ऑयलरची साधी पद्धत. तिच्यात ग्रह प्रत्येक पायरीला स्पर्शरेषेवरून सरळ जातो, आणि वर्तुळाची स्पर्शरेषा नेहमी वर्तुळाबाहेरच जाते. म्हणजे प्रत्येक पायरीला ग्रहाला थोडी फुकटची ऊर्जा मिळते. ती कधी कमी, कधी जास्त झाली असती तर एकमेकींत जिरली असती. पण इथे चूक नेहमी एकाच बाजूला होते, म्हणून ती साठत जाते.

हिशोब कागदावरही करता येतो. वर्तुळाकार कक्षा आणि एक दिवसाची पायरी धरली, तर एका वर्षात पृथ्वी १ खगोलीय एककावरून (पृथ्वी-सूर्य सरासरी अंतरावरून) सुमारे १.१८ वर जाते. पायरी एका तासाची केली तर १.००९ वर. २४ पट जास्त काम करून चूक जेमतेम वीस पट घटते, त्यामुळे पायरी लहान करत बसणं हा इथे उपाय नव्हे.

उपाय असा की दोन ओळींची अदलाबदल करा : आधी वेग बदला आणि त्या नव्या वेगाने स्थान पुढे न्या. एवढ्याने जिलबी थांबते. पृथ्वीच्या खऱ्या, किंचित लांबट कक्षेत एका दिवसाच्या पायरीने ऊर्जा दहा हजारात तीन भाग एवढीच वरखाली होत राहते, साठत नाही. आणखी एक ओळ वाढवलीत तर लीपफ्रॉग पद्धत होते : अर्ध्या पायरीपुरता वेग बदला, पूर्ण पायरी स्थान न्या, नव्या जागी त्वरण काढा, उरलेल्या अर्ध्या पायरीपुरता वेग बदला. तेवढ्याच पायरीत ऊर्जेची वरखाली दहा लाखात दोन-तीन भागांवर येते. त्वरण तरीही पायरीला एकदाच काढावं लागतं, कारण शेवटी काढलेलं त्वरण पुढच्या पायरीच्या सुरुवातीला चालतं.

अनेकांनी विचारलंय की थेट रुंगे-कुट्टा का नको? कॉलेजात तीच शिकवतात, म्हणून सगळे तिकडे वळतात. चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा काही फेऱ्यांपुरती फार अचूक आहे. पण तिला पायरीला चार वेळा त्वरण काढावं लागतं आणि तिची ऊर्जेतली चूक, बारीक असली तरी, एकाच दिशेने सरकत राहते. दोन-चार वर्षांचं यान असेल तर खुशाल वापरा. हजारो फेऱ्यांची सूर्यमाला असेल तर लीपफ्रॉग घ्या.

कोणतीही पद्धत घेतलीत तरी दर शंभर पायऱ्यांनी एकूण ऊर्जा आणि एकूण कोनीय संवेग फाइलमध्ये लिहून ठेवा. कक्षेचं चित्र डोळ्यांना छान दिसतं आणि फसवतं. ऊर्जेचा ग्राफ फसवत नाही : तो सतत चढत असेल तर पद्धत चुकली, मध्येच एकदम उडी असेल तर दोन वस्तू फार जवळ आल्या.

प्रश्न : मी अंतर किलोमीटरमध्ये, वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि वेळ सेकंदात घेतली. पृथ्वी पहिल्याच पायरीला सूर्यात पडते. (अकरावीतली विद्यार्थिनी, चिंचवड)

उत्तर : पुस्तकातला गुरुत्व स्थिरांक ६.६७४ × १० चा उणे ११ वा घात हा मीटरसाठी आहे. किलोमीटर वापरायचे तर उणे २० वा घात हवा. तुझं त्वरण अब्ज पट जास्त झालंय.

खरं तर हा स्थिरांक आणि सूर्याचं वस्तुमान वेगवेगळे घेऊच नकोस. स्थिरांक जेमतेम चार-पाच अंकांपर्यंत माहीत आहे, आणि सूर्याचं किलोग्रॅममधलं वस्तुमान त्याच्यावरूनच काढतात. त्या दोघांचा गुणाकार मात्र ग्रहांच्या आणि यानांच्या गतीवरून दहा अंकांपर्यंत कळलेला आहे : १.३२७१२४४ × १० चा ११ वा घात, घन किलोमीटर भागिले सेकंदाचा वर्ग.

त्याहून सोपं म्हणजे अंतर खगोलीय एककात (१४,९५,९७,८७०.७ किमी) आणि वेळ वर्षात घे. मग हा गुणाकार होतो चार पाय (π) वर्ग, म्हणजे ३९.४७८, आणि पृथ्वीचा वेग दोन पाय (२π), म्हणजे ६.२८३. आकडे लहान राहतात, चूक झाली तर लगेच डोळ्यात भरते. एक काळजी मात्र घे. या ३९.४७८ मधलं वर्ष ३६५.२५६९ दिवसांचं आहे. दिवसांत दिलेली खरी माहिती ३६५.२५ ने गुणून त्यात घातलीस, तर पृथ्वी दर वर्षी सुमारे २५ विकला (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला) पुढे-मागे होते. खरी माहिती वापरायची असेल तेव्हा वेळ दिवसातच ठेव आणि गुणाकार ०.०००२९५९१२२०८ घे.

प्रश्न : आमच्या शाळेत प्रोग्रॅमिंग शिकवत नाहीत, पण संगणकावर एक्सेल आहे. नववीच्या मुलांना त्यात कक्षा काढून दाखवता येईल का? (विज्ञान शिक्षिका, नारायणगाव)

उत्तर : येईल, आणि प्रोग्रॅमपेक्षा जास्त समजेल, कारण प्रत्येक आकडा समोर दिसतो. रकाने असे करा : वेळ, एक्स, वाय, अंतर, एक्स-त्वरण, वाय-त्वरण, एक्स-वेग, वाय-वेग. पायरी ०.०१ वर्षाची, म्हणजे शंभर ओळींत एक वर्ष.

अंतर म्हणजे एक्स वर्ग अधिक वाय वर्ग यांचं वर्गमूळ. एक्स-त्वरण म्हणजे उणे ३९.४७८ गुणिले एक्स भागिले अंतराचा घन. वर्ग नव्हे, घन. नियमात वर्ग आहे, पण इथे दिशा मिळावी म्हणून वर एक्स आलाय, त्याचा एक भागाकार वाढतो. मुलं हमखास इथेच चुकतात.

पहिल्या ओळीत एक्स १, वाय ०. वेग मात्र अर्धी पायरी पुढचा लिहायचा. सुरुवातीचा वेग ० आणि ६.२८३२, एक्स-त्वरण उणे ३९.४७८. अर्ध्या पायरीत, म्हणजे ०.००५ वर्षात, एक्स-वेग होतो उणे ०.१९७४, आणि वाय-वेग ६.२८३२ च राहतो. दुसऱ्या ओळीपासून नवा एक्स म्हणजे वरचा एक्स अधिक वरचा वेग गुणिले ०.०१, आणि नवा वेग म्हणजे वरचा वेग अधिक याच ओळीतलं त्वरण गुणिले ०.०१. ताळा करायला आकडे देतो. दुसऱ्या ओळीत एक्स ०.९९८०, वाय ०.०६२८, त्वरण उणे ३९.४०० आणि उणे २.४८०, वेग उणे ०.५९१४ आणि ६.२५८४. तिसऱ्या ओळीत एक्स ०.९९२१, वाय ०.१२५४. एवढं जुळलं की ओळी खाली ओढत न्या. पंचवीस पायऱ्यांनी एक्स शून्याजवळ आणि वाय १ जवळ यायला हवा.

चार्ट काढताना ‘स्कॅटर’ निवडा, ‘लाइन’ नको. दोन्ही अक्षांचं माप सारखं करा, नाहीतर बरोबर आलेलं वर्तुळ अंड्यासारखं दिसेल आणि वर्गात विनाकारण वाद होईल.

मग सुरुवातीचा वाय-वेग बदलून बघू द्या. ७ ठेवला तर लांबट कक्षा आणि एक फेरी सुमारे १५१ पायऱ्यांची. ८.८९ ठेवला तर ग्रह परत येत नाही. २ ठेवला तर ग्रह सूर्याजवळून जाताना भलतीकडेच फेकला जाईल. तो निसर्गाचा नव्हे, पायरीचा दोष आहे. खरा ग्रह सूर्यापासून ०.०५३ एककांवरून वळला असता, पण तिथे त्याचा वेग वर्षाला ३७ एकक होतो, म्हणजे तुमच्या एका पायरीत तो ०.३७ एकक उडी मारतो. वळण यायच्या आधीच तो पलीकडे गेलेला असतो.

प्रश्न : हॅलीचा धूमकेतू माझ्या प्रोग्रॅममध्ये ७६ वर्षांनी परत येत नाही. (हडपसर)

उत्तर : वरच्या उत्तरातलाच आजार. हॅली सूर्यापासून ०.५८६ एककांवर असताना सेकंदाला ५४.५ किमी धावतो आणि ३५ एककांवर असताना जेमतेम ०.९ किमी. दोन्हीकडे एकच पायरी ठेवली तर एक टोक चुकतं, नाहीतर दुसऱ्या टोकाला वेळ वाया जातो. पायरी अंतराच्या दीड घाताच्या प्रमाणात ठेवा. लांबच्या टोकाची पायरी जवळच्यापेक्षा सुमारे ४६० पट मोठी होईल. मात्र पायरी अशी बदलत राहिली की लीपफ्रॉगचा ऊर्जा न साठण्याचा गुण जातो. एक-दोन फेऱ्यांना चालेल. जास्त हवं असेल तर ‘रीबाउंड’ ही मोफत लायब्ररी घ्या. तिच्यात पायरी आपोआप बदलणारी ‘आयएएस१५’ पद्धत आहे.

गुरू आणि शनी घेतल्याशिवाय मात्र तारीख जुळणारच नाही. १७५८ मध्ये क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या तिघा फ्रेंच गणितज्ञांनी हाच हिशोब हाताने, महिनोन्‌महिने बसून केला. गुरूमुळे ५१८ आणि शनीमुळे १०० दिवस उशीर होईल असं त्यांचं उत्तर आलं. धूमकेतू त्यांनी सांगितलेल्या एप्रिल १७५९ च्या मध्याऐवजी १३ मार्चला सूर्याजवळ पोचला. तुमचा लॅपटॉप हे काही सेकंदांत करेल. तरी शेवटचे चारेक दिवस राहतीलच, कारण धूमकेतूतून फवारणारे वायू त्याला ढकलतात आणि ते तुमच्या सूत्रात नाहीत.

प्रश्न : नासाच्या ‘होरायझन्स’ या संकेतस्थळावरून सगळ्या ग्रहांची स्थानं आणि वेग घेतले. कक्षा छान आल्या, पण सगळी सूर्यमालाच हळूहळू पडद्याच्या कडेला सरकते. (बाणेर)

उत्तर : तुम्ही सूर्यकेंद्री आकडे घेतलेत आणि सूर्याला शून्य वेग दिलाय. गुरूच्या ओढीने सूर्यही सेकंदाला सुमारे साडेबारा मीटर वेगाने फिरतो. तो वेग न दिल्यामुळे एकूण संवेग शून्य राहिला नाही, आणि सगळं गाडं वर्षाला सुमारे ३ लाख ९० हजार किमी सरकतंय. होरायझन्समध्ये ‘व्हेक्टर टेबल’ घेताना केंद्र म्हणून सूर्यमालेचं वस्तुमानकेंद्र निवडा आणि सूर्याचेही आकडे घ्या. किंवा आहे त्या आकड्यांतून एकूण संवेग भागिले एकूण वस्तुमान एवढा वेग प्रत्येकातून वजा करा. चंद्र वेगळा धरत नसाल तर ‘पृथ्वी’ऐवजी ‘पृथ्वी-चंद्र वस्तुमानकेंद्र’ घ्या आणि वस्तुमान सूर्याच्या ३,२८,९०१ वा भाग ठेवा. आणि सगळे आकडे एकाच क्षणाचे आहेत ना, हे एकदा पाहा.

प्रश्न : प्रोग्रॅममधल्या गुरूची जागा पंचांगाशी ताडून पाहिली. तीस अंशांच्या आसपास फरक येतो. दोघांपैकी चूक कोण? (सदाशिव पेठ)

उत्तर : बहुधा कोणीच नाही. तुम्ही दोन वेगवेगळ्या गोष्टी ताडून पाहताय. फरक टप्प्याटप्प्याने काढूया.

पहिला टप्पा : तुमचा गुरू सूर्यावरून पाहिलेला आहे, पंचांगातला पृथ्वीवरून. गुरूच्या एक्स, वाय, झेडमधून पृथ्वीचे एक्स, वाय, झेड वजा करा आणि मग कोन काढा. एवढ्याने गुरूचा कोन ११ अंशांपर्यंत बदलू शकतो. मंगळाचा तर ४० हून जास्त.

दुसरा : कोन काढताना साधं आर्कटॅन वापरू नका. ते समोरासमोरच्या दिशांत फरक करत नाही आणि १८० अंशांची चूक होते. दोन आकडे घेणारं ‘एटॅन-टू’ वापरा. पायथॉनमध्ये त्याला आधी वाय द्यायचा आणि मग एक्स, एक्सेलमध्ये नेमकं उलट. हे कुणी कुणाला सांगत नाही आणि प्रत्येकाची एक संध्याकाळ यात जाते.

तिसरा, आणि सगळ्यात मोठा : अयनांश. होरायझन्सचा क्रांतिवृत्तीय संदर्भ २००० सालच्या वसंतसंपातापासून (२१ मार्चच्या सुमारास सूर्य जिथे असतो त्या बिंदूपासून) मोजतो. आपली पंचांगं निरयन, म्हणजे तारामंडळातल्या स्थिर बिंदूपासून मोजतात. या दोन बिंदूंमधला कोन म्हणजे अयनांश. चित्रापक्षाप्रमाणे (म्हणजे स्थिर बिंदू चित्रा ताऱ्यावरून ठरवला तर) २००० सालचा अयनांश २३ अंश ५१ कला होता. तुमचा संदर्भ २००० सालचाच ठेवलात तर तेवढाच वजा करा, आजचा नव्हे. आजचा अयनांश (२०२५ मध्ये सुमारे २४ अंश १२ कला) वजा करायचा तर आधी कोन आजच्या संपातावर आणायला हवा, म्हणजे २००० पासून दर वर्षी ५०.३ विकला मिळवायला हव्यात. एक केलं आणि दुसरं विसरलं की वीसेक कला उरतात. मग माणूस गुरूच्या वस्तुमानात दोष शोधत बसतो.

पुण्यात आणखी एक मेख आहे. तुमच्या घरी टिळक पंचांग असेल तर ते रैवतपक्षाचं, म्हणजे रेवती ताऱ्यावरून मोजणारं असतं. त्याचा अयनांश चित्रापक्षापेक्षा जवळपास चार अंशांनी कमी. कोणतं पंचांग समोर आहे ते आधी पाहा.

चौथा टप्पा वेळेचा. स्पष्टग्रह (ग्रहांची दिलेली स्थानं) कोणत्या वेळेचे ते पंचांगात छापलेलं असतं. सकाळी ५.३० चे असतील तर सोपं, तेव्हा विश्ववेळ (ग्रीनिचची वेळ) शून्य तास असते. होरायझन्सच्या व्हेक्टर टेबलमधली वेळ विश्ववेळेच्या ६९ सेकंद पुढे चालते. गुरूला त्याने काही होत नाही, चंद्र तेवढ्यात ३८ विकला सरकतो. साडेपाच तासच विसरलात तर चंद्र तीन अंशांनी चुकेल, म्हणजे त्याच्या स्वतःच्या रुंदीच्या सहापट. गुरूचा प्रकाश पोचायला ३५ ते ५२ मिनिटं लागतात, पण कलांपर्यंतच ताडायचं असेल तर ते सोडून दिलं तरी चालतं.

एवढं केल्यावर गुरू कलेच्या आत जुळायला हवा.

प्रश्न : बुधाच्या उपसूर्य बिंदूचं (कक्षेतल्या सूर्याच्या सर्वांत जवळच्या बिंदूचं) शतकाला ४३ विकला सरकणं आइन्स्टाइनच्या सिद्धांताने येतं. मी फक्त न्यूटनचा नियम आणि लीपफ्रॉग वापरून सूर्य आणि बुध फिरवले, तरी बिंदू सरकतो, तोही उलटा. हे कसं? (एमएस्सी भौतिकशास्त्र, औंध)

उत्तर : चाचणी तुम्ही योग्य केलीत. सूर्य आणि बुध दोघंच असतील तर न्यूटनच्या नियमात हा बिंदू जागचा हलत नाही. जे सरकतंय ते सगळं पद्धतीचं आहे.

लीपफ्रॉगमध्ये ऊर्जा साठत नाही, पण कक्षेचा लांब अक्ष हळूहळू मागे फिरतो. बुधासाठी (फेरी ८८ दिवस, विकेंद्रता, म्हणजे कक्षेचा लांबटपणा, ०.२०५६) एक दिवसाच्या पायरीने तो दर फेरीला सुमारे अर्धा अंश, म्हणजे १,९०० विकला मागे जातो. सापेक्षतेचा परिणाम दर फेरीला ०.१०३५ विकला आहे. दोन्हींची तुलनाच नाही. पद्धतीची चूक पायरीच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणून ती ०.०१ विकलेवर आणायला पायरी तीन मिनिटांच्या आसपास लागेल. शंभर वर्षांना दीड कोटीहून जास्त पायऱ्या. सी किंवा फोरट्रानमध्ये हे चहा होईस्तोवर संपतं, साध्या पायथॉनमध्ये नाही.

शहाणा मार्ग म्हणजे चौथ्या क्रमाची पद्धत : एका पायरीऐवजी लागोपाठ तीन लीपफ्रॉग पायऱ्या, त्यांची लांबी मूळ पायरीच्या १.३५१२०७, उणे १.७०२४१४ आणि पुन्हा १.३५१२०७ पट. मधली पायरी उलटी जाते, ती टायपिंगची चूक समजून ‘दुरुस्त’ करू नका.

सापेक्षतेसाठी न्यूटनच्या त्वरणाला (१ + ३ × एल वर्ग ÷ (प्रकाशवेगाचा वर्ग × अंतराचा वर्ग)) ने गुणा. एल म्हणजे एकक वस्तुमानाचा कोनीय संवेग आणि प्रकाशवेग म्हणजे वर्षाला ६३,२४१ खगोलीय एकक. बुधासाठी ही भर कोटीत एका भागाच्या आसपास भरते. ती नीट मोजता येत नसेल तर भर मुद्दाम दहा हजार पट, वीस हजार पट करून अक्ष किती फिरतो ते मोजा आणि सरळ रेषेने खऱ्या किमतीपर्यंत मागे या. बाकीचे ग्रह घातलेत तर न्यूटनच्याच नियमाने शतकाला सुमारे ५३२ विकला पुढे सरकेल. ४३ त्याच्यावरचे.

प्रश्न : आदित्य-एल१ ला पृथ्वीपासून सूर्याच्या बाजूला १५ लाख किमीवर ठेवलं आणि पृथ्वीचाच वेग दिला. काही आठवड्यांत ते निघून जातं. (पाषाण)

उत्तर : एल१ म्हणजे सूर्य-पृथ्वीच्या रेषेवरचा असा बिंदू, जिथे यान पृथ्वीबरोबरच सूर्याभोवती फिरतं. यानाला एका वर्षात लहान वर्तुळ पुरं करायचंय, म्हणून त्याचा वेग पृथ्वीपेक्षा एक टक्का कमी हवा : २९.७८ नव्हे, २९.४८ किमी. पृथ्वीचं वस्तुमानही घातलंय ना? तेच तर यानाला मागे धरून ठेवतं.

एवढं करूनही ते जाईलच. एल१ अस्थिर आहे. तिथली चूक दर २३ दिवसांनी २.७ पट होते, म्हणजे साधारण ५३ दिवसांत दहापट. सुरुवात हजार किमीने चुकली तर सव्वापाच महिन्यांत दहा लाख. तुमचा ‘१५ लाख’ हा गोल आकडाच काही हजार किमीने चुकलेला आहे. पृथ्वीची कक्षा अगदी गोल नाही आणि चंद्रही ओढतो, ते वेगळंच. खरं यान म्हणून त्या बिंदूवर उभं नाही. ६ जानेवारी २०२४ पासून ते त्याच्याभोवती हेलो कक्षेत फिरतंय, एक फेरी सुमारे १७८ दिवसांची, आणि मधूनमधून इंजिन चालवून कक्षा सावरावी लागते. (यानावरची ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण तुमच्या शेजारच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडली.)

आणखी तिघांनी लिहिलंय की एल१ वर सूर्य आणि पृथ्वीची ओढ सारखी असते. नाही. ओढ सारखी होते ती पृथ्वीपासून २ लाख ६० हजार किमीवर, चंद्राच्याही अलीकडे.

प्रश्न : असा प्रोग्रॅम किती वर्षं पुढचं सांगू शकतो? (सातारा रस्ता)

उत्तर : चांगली पद्धत आणि होरायझन्सचे आकडे असतील तर ग्रहांच्या जागा काही हजार वर्षं दिसायला ठीक राहतात. खरी मर्यादा लॅपटॉपची नाही. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाक लास्कार यांनी १९८९ मध्ये दाखवलं की पृथ्वीच्या जागेतली १५ मीटरची चूक १० कोटी वर्षांत १५ कोटी किलोमीटर होते. म्हणून तेवढ्या काळासाठी एक प्रोग्रॅम न चालवता थोड्या थोड्या वेगळ्या सुरुवातीने शेकडो चालवतात. २००९ मध्ये लास्कार आणि गास्तिनो यांनी २,५०१ वेळा, ५ अब्ज वर्षांपर्यंत चालवले. सुमारे एक टक्क्यांत बुधाची कक्षा फार लांबट झाली.

प्रश्न : ग्रहांचं घड्याळ करायचंय. तपकीर गल्लीतून अर्डुइनो उनो (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि डीएस३२३१ घड्याळ-मॉड्यूल आणलं. तोच प्रोग्रॅम त्यावर घातला तर ग्रह धक्के खात चालतात. कोडमध्ये ‘डबल’ (जास्त अंकांचा दशांश आकडा) लिहिलेलं आहे. (धनकवडी)

उत्तर : उनोवर ‘डबल’ लिहिलं तरी मिळतो तो चार बाइटचाच आकडा, सात अंकांचा. अंतर मीटरमध्ये असेल तर पृथ्वीच्या अंतरावर दोन शेजारच्या आकड्यांत १६ किमीची फट पडते. त्याहून लहान हालचाल बेरजेत नाहीशीच होते. मोबाइल गेमची इंजिनंही बरेचदा असेच आकडे वापरतात, तिथेही हा धक्का दिसतो.

पण घड्याळाला पायऱ्यांचा प्रोग्रॅम हवाच कशाला? वीज गेली की तुमचे ग्रह थांबणार. केप्लरचं समीकरण वापरा. घड्याळ-मॉड्यूलकडून तारीख घ्या, त्यावरून मध्यम कोन (ग्रह एकसारख्या वेगाने फिरतो असं धरून उपसूर्य बिंदूपासून येणारा कोन) काढा आणि ‘मध्यम कोन = ई − विकेंद्रता × साइन ई’ यातून ई शोधा. सुरुवात ई = मध्यम कोन अशी करा आणि न्यूटनची दुरुस्ती चार-पाच वेळा लावा, बुधालाही पुरते. कोन रेडियनमध्ये हवेत. एका ठरावीक तारखेपासूनचे दिवस पूर्णांकात ठेवा आणि फेरीच्या काळाने भागून आलेली बाकीच दशांश आकड्यात न्या, म्हणजे सात अंक पुरतात. डीएस३२३१ वर्षाला मिनिटभर पुढे-मागे होतं, काट्यांच्या घड्याळाला ते दिसणारही नाही.